हात सुजला त्याचं सोडा, जाऊबाईंच्या गांधींचं बघा

पत्र: आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. वाडा जुना, मागे मोठं परसदार, त्यात लिंबू, शेवगा आणि कडुनिंब. यजमान बँकेतून निवृत्त झाले आणि गेल्या हिवाळ्यात मुरैन्याच्या एका मधपाळाकडून इटालियन माश्यांच्या दोन पेट्या घेऊन आले. घरात विचारलं कुणालाच नाही. मध निघाला, कौतुकही झालं. पण यंदा दिवाळीच्या सुमारास कपडे वाळत घालताना मला मनगटावर माशी चावली आणि दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत भोपळ्यासारखा सुजला. आठवडाभर पोळी लाटता आली नाही. औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून घेतलं. हे म्हणतात, "बरंच झालं, तुझी सांधेदुखी जाईल." सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत, त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. शेजारी उन्हाळ्यापासून रुसलेत. त्यांच्या कूलरवर माश्या आणि वाळत घातलेल्या चादरींवर पिवळे डाग. शेजारीण म्हणते, "भाभीजी, मक्खियाँ आपकी और चादरें हमारी!" धाकट्या जाऊबाईंना पावसाळ्यात मानेवर चावली होती, त्यांना अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली, गरगरलं, पण ॲलर्जीची गोळी दिल्यावर झोपून बऱ्या झाल्या. आता हे पेट्या गच्चीवर न्यायच्या म्हणतायत. माझा हात इतका सुजतो म्हणजे मला धोका आहे का? पेट्या ठेवायच्या की घालवायच्या?
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात तुमच्या हाताला चांगल्या चार-पाच ओळी मिळाल्यात आणि जाऊबाईंना जेमतेम एक. मी आधी त्या एका ओळीवर बोलते, कारण घरात खरी काळजी करण्यासारखं जे घडलं ते तिथे आहे.

माशी चावली मानेवर आणि गांधी उठल्या अंगभर. वर उलटी, वर गरगरणं. म्हणजे प्रकरण चावलेल्या जागेपुरतं राहिलं नाही, सगळं शरीर त्या विषावर उसळलं. डॉक्टर याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. यात ओठ, जीभ, घसा सुजू शकतो, आवाज बसतो, श्वास अडकतो, रक्तदाब घसरतो, आणि हे सगळं बहुतेक वेळा चावल्यापासून अर्ध्या तासाच्या आत. जाऊबाई त्यातून उठल्या हे आपलं नशीब. त्याचं श्रेय गोळीला देऊ नका. ॲलर्जीची गोळी खाज आणि गांधी कमी करते, पण घसरलेला रक्तदाब तिने वर येत नाही आणि सुजलेला घसाही मोकळा होत नाही. ते काम ॲड्रिनॅलिनच्या इंजेक्शनचं. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं असतं आणि जितकं लवकर तितकं बरं. शिवाय त्या "झोपल्या" ती गुंगी गोळीची होती की रक्तदाब उतरल्याची, हे घरात उशाशी बसून कुणालाच कळलं नसतं.

एकदा असा झटका येऊन गेलेल्या माणसाला पुढच्या डंखाला तो पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते. दर वेळी येतोच असं नाही, आणि घरचे गाफील राहतात ते त्यामुळेच. मधला एखादा डंख साधा गेला की "आता अंगवळणी पडलं" म्हणतात. तुमच्या घरी हे म्हणणारा माणूस कोण असेल ते मी सांगायला नको.

तेव्हा पहिलं काम म्हणजे जाऊबाईंना ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवणं. रक्ताची आणि त्वचेची तपासणी असते. डंखानंतर लगेच केली तर ती फसवी निघू शकते, म्हणून साधारण चार ते सहा आठवडे जाऊ देतात. तुमच्या जाऊबाईंची गोष्ट पावसाळ्यातली आहे, त्यामुळे थांबायचं कारण नाही. जाण्यापूर्वी एक आठवून ठेवा. त्यांच्या मानेतून काटा काढला होता का? मधमाशीच्या नांगीला उलटी दाती असतात. ती कातडीत रुतून बसते, विषाच्या पिशवीसकट माशीच्या पोटातून उपटते आणि माशी मरते. गांधीलमाशी, जिला आपल्याकडे सगळे ततैयाच म्हणतात, ती नांगी मागे ठेवत नाही आणि पुन्हा पुन्हा चावू शकते. जुन्या वाड्यांच्या झरोक्यांत आणि माळ्यांवर गांधीलमाश्यांची पोळी सर्रास असतात. काटा सापडला नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, म्हणजे ते दोन्हींची तपासणी करतील. मधमाशीचीच ॲलर्जी ठरली तर त्याच विषाचे अगदी बारीक डोस वाढवत नेत, तीन ते पाच वर्षं चालणारा उपचार असतो आणि तो चांगला लागू पडतो. तो घ्यायचा की नाही हे डॉक्टर आणि जाऊबाई मिळून ठरवतील.

तोवर घरात सगळ्यांना माहीत असावं असं थोडं. पुन्हा कधी चावली आणि चावलेली जागा सोडून अंगावर दुसरीकडे गांधी, ओठांना सूज, आवाजात बदल, धाप, उलटी किंवा चक्कर यातलं काहीही दिसलं तर माणसाला आडवं करायचं, पाय उशीवर वर ठेवायचे, १०८ ला फोन करायचा. धाप लागत असेल तर टेकून बसू द्या, पण उभं करून जिन्यावरून चालवत नेऊ नका. एकदम उभं राहण्यात रक्तदाब आणखी कोसळतो. लष्कर भागातून जयारोग्य रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग लांब नाही. तिथे पोचल्याबरोबर पहिलं वाक्य "मधमाशी चावली, आधी एकदा अंगभर गांधी उठल्या होत्या" हे. बरं वाटायला लागलं तरी काही तास तिथेच थांबा, कारण झटका ओसरून पुन्हा उलटतो कधीकधी. परदेशात पेनसारखं ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन पर्समध्ये घेऊन हिंडतात, आपल्याकडे ते सहज मिळत नाही. साधी ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, घरी ठेवायची का आणि ती टोचायला कुणी शिकायचं, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

आता तुमचा हात. तो दिसायला भयंकर असला तरी त्याने जिवाला धोका नव्हता. चावलेल्या जागेपासून सूज पसरत जाणं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असणं, मग खाज सुटणं आणि आठवडाभराने उतरणं, ही स्थानिक पण मोठी प्रतिक्रिया झाली. अशा माणसांपैकी फार थोड्यांना पुढे जाऊबाईंसारखा झटका येतो. तो येणारच नाही असं मी म्हणत नाही, वर सांगितलेली लक्षणं तुम्हालाही लागू आहेतच. पण "सूज मोठी म्हणजे ॲलर्जी मोठी" हा हिशोब चुकीचा आहे. अँटिबायोटिकही फुकट गेलं. पहिल्या दोन-तीन दिवसांतली लाली आणि सूज विषाची असते, जंतूंची नसते. पू, ताप किंवा चार-पाच दिवसांनी नव्याने वाढणारं दुखणं असेल तर गोष्ट वेगळी.

डंख बसला की करायचं काय, यावर आपल्या घराघरांत एकेक वैद्य असतो. कुणी लोखंडी किल्ली घासतो, कुणी चुना, कुणी हळद, कुणी रॉकेल. हे सगळं शोधेपर्यंत नांगी आपलं काम करत असते. एका डंखातलं विष म्हणजे सुमारे एक मिलिग्रॅमचा दहावा भाग, पण माशी उडून गेल्यावरही ती पिशवी आकुंचन पावत ते आत ढकलत राहते. जवळून बघितलंत तर पांढुरकी पिशवी धडधडताना दिसते. बहुतेक विष पहिल्या २० सेकंदांतच उतरतं. म्हणून चिमटा आणायला आत पळू नका. नखाने खरवडून, ओढून, जसं जमेल तसं काढा. पिशवी दाबली जाईल म्हणून फक्त खरवडायचीच, चिमटीत धरायची नाही, असं जुनी पुस्तकं बजावतात. १९९६ मध्ये तीन संशोधकांनी प्रत्यक्ष डंख देऊन हे तपासलं. पद्धतीने फरक पडला नाही, उशीर केल्याने पडला.

नांगी काढली की साबणाने धुवा. धुण्याला आणखीही एक कारण आहे. नांगीबरोबर एक वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा, आणि तो इतर माश्यांना "इथे चावा" असं सांगतो. म्हणून चावल्यावर तिथेच उभं राहून आरडाओरडा करण्यापेक्षा आधी घरात जायचं आणि मग धुवायचं. पेटीपाशी केळं खात जायचं नाही तेही यासाठीच, कारण केळ्याचा जो वास आहे त्यात तेच रसायन असतं, आयसोअमाइल ॲसिटेट. धुतल्यावर फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, मग थोडा विसावा, मग पुन्हा. खाजेला सेट्रिझिन, दुखण्याला पॅरासिटामॉल. हाताला चावली असेल तर अंगठी आणि बांगड्या ताबडतोब उतरवा. सूज चढल्यावर त्या उतरत नाहीत आणि मग सोनाराकडे कापायला जावं लागतं. तोंडात किंवा घशात चावली, डोळ्यात चावली तर घरगुती काहीही न करता सरळ दवाखाना. बुबुळात रुतलेली नांगी डोळ्याच्या डॉक्टरांनीच काढायची असते.

एखाददुसऱ्या डंखाची गोष्ट वेगळी आणि झुंडीची वेगळी. पेटी उलटली किंवा कुणी आग्या मोहोळ छेडलं आणि पन्नास-साठ डंख बसले तर ॲलर्जी असो-नसो, माणूस हसतखेळत असो-नसो, रुग्णालयात न्यायचाच. इतकं विष स्नायू आणि मूत्रपिंडावर जातं आणि त्याचा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो. पळताना तोंड झाकून सरळ घरात किंवा गाडीत शिरायचं, हातवारे करायचे नाहीत. पाण्यात उडी तर मुळीच नाही, माश्या वर वाट बघत घिरट्या घालतात.

तुमच्या यजमानांच्या सांधेदुखीच्या शास्त्राबद्दल. डंखाने संधिवात जातो हे जगभर सांगितलं जातं, पण त्याला भरवशाचा पुरावा नाही. उलट २०१८ मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी एका ५५ वर्षांच्या बाईची हकीकत प्रसिद्ध केली. ती दोन वर्षं, दर चार आठवड्यांनी, उपचार म्हणून जिवंत माश्यांचे डंख घ्यायची. आधी कधीच काही झालं नव्हतं. एका खेपेला घरघर लागून कोसळली आणि पुढे दगावली. तुमचे गुडघे दुखत असतील तर गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जा. आणि यजमानांना स्वतःला आता डंखाचं फारसं काही होत नसेल, तर ती सवय त्यांच्यापुरती. सतत डंख खाणाऱ्या मधपाळांमध्ये ॲलर्जी कमी दिसते. वर्षातून एखाददुसरा डंख बसणारी माणसं, म्हणजे पेट्यांच्या आसपास वावरणारी घरची मंडळी, यांच्यात ती जास्त. यजमानांचे पेटीवर जाताना घालायचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका, वेगळे धुवा. खरं म्हणजे त्यांनीच धुवावेत.

सासूबाईंच्या गोळीचं नाव बघा. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या जातीची असेल तर झटका आल्यावर ॲड्रिनॅलिन नीट काम करेलच असं नाही. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, फक्त त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला की घरामागे मधपेट्या आहेत.

आता पेट्या. जाऊबाईंची तपासणी होऊन डॉक्टर काय ते सांगेपर्यंत त्या घरी नकोत. गच्चीवरही नकोत. गच्चीची कल्पना एरवी वाईट नाही, माश्यांची ये-जा माणसांच्या डोक्यावरून होते. पण परसदारातून पेटी उचलून थेट गच्चीवर ठेवली तर चरायला गेलेल्या माश्या परतून जुन्या जागीच येणार. त्यांना जागा पाठ असते, पेटी नाही. दोन दिवस शेवग्याखाली हजारो बेघर माश्या भणभणतील आणि तिथेच तुमची कपड्यांची दोरी आहे. शिवाय मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की सिमेंटच्या उघड्या गच्चीवर मेणाची पोळी लुळी पडून मधासकट खाली बसतात. पेटी एक तर रोज फूट-दोन फूट सरकवायची, नाही तर एकदम चार-पाच किलोमीटरच्या पलीकडे न्यायची, म्हणजे ओळखीच्या वाटाच संपतात.

आणि पलीकडे न्यायला याहून चांगला मोसम नाही. चंबळच्या पट्ट्यात मोहरी फुलायला लागलीय, आता फेब्रुवारीपर्यंत शेतं पिवळी असतील. या दिवसांत लांबलांबचे मधपाळ ट्रकभर पेट्या घेऊन इकडे उतरतात, आणि तुमच्या पेट्या मात्र शहराच्या मध्यात शेवग्याच्या आशेवर बसल्यात. ज्या मुरैन्याच्या मधपाळाकडून आणल्या त्यालाच विचारा. त्याच्या शंभर पेट्यांत तुमच्या दोन सहज मावतील. मध वाटून घ्यायचं आधी ठरवा. शेतकऱ्यालाही माश्या हव्याच असतात, मोहरीचे दाणे भरायला त्यांची मदत होते. एकच अट बोलून ठेवा. पिकावरच्या मावा किडीवर फवारणी करायची झाली तर आदल्या दिवशी कळवायचं आणि संध्याकाळी करायची, माश्या पेटीत परतल्यावर. यजमानांना दर रविवारी तिकडे जाऊन पेट्या उघडता येतील, आणि मला वाटतं निवृत्तीनंतर घरापासून थोडं लांब जायला एक कारण मिळालं तर तुमची दोघांचीही त्यात सोय आहे.

तपासणीत जाऊबाईंना मधमाशीची ॲलर्जी नाही असं निघालं, डंख गांधीलमाशीचा होता असं ठरलं, आणि पेट्या उन्हाळ्यात परत आणायचं घरात एकमत झालं (यावेळी विचारून!), तर पेटीचं तोंड कपड्यांच्या दोरीकडे नको. तोंडासमोर चार-पाच फुटांवर सहा फूट उंच बांबूची तट्टी किंवा हिरवी जाळी लावा, म्हणजे माश्या निघताच वर चढतात आणि डोक्यावरून जातात. चादरींवरचे पिवळे डाग म्हणजे माश्यांची विष्ठा, परागाचा रंग घेऊन आलेली. माश्या पेटीत घाण करत नाहीत, बाहेर पडून पहिल्या भरारीत मोकळ्या होतात. त्या भरारीखाली शेजाऱ्यांची दोरी येत होती, पेटी वळवली की बरेच डाग थांबतील.

कूलरचं दुखणं जुनं आहे. उन्हाळ्यात माश्या पाणी पितातच, पण त्याहून जास्त पाणी पेटीत नेऊन पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालून आतला उकाडा कमी करतात. शेजाऱ्यांच्या कूलरची ओली खस त्यांना आयती सापडली. एकदा वाट पडली की सहसा मोडत नाही, म्हणून पेट्या परत येतील त्याच दिवशी, कूलर सुरू व्हायच्या आधी, पेटीजवळ सावलीत पसरट परात ठेवा. त्यात खडे आणि गोणपाटाचा तुकडा, म्हणजे माश्या बुडत नाहीत. ती परात एक दिवसही कोरडी पडता कामा नये. शेजाऱ्यांना मधाची बाटली जरूर द्या, पण परात आधी आणि बाटली नंतर.

यजमानांसाठी दोन ओळी, त्यांना वाचून दाखवा. पेटी ढगाळ दिवशी, वाऱ्यात किंवा तिन्हीसांजेला उघडू नका, तेव्हा सगळी फौज घरी असते आणि चिडकी असते. हिवाळ्यात अकरानंतर, उन्हाळ्यात सकाळी. स्मोकरमध्ये, म्हणजे माश्यांना धूर द्यायच्या डब्यात, गोवरी आणि गोणपाट, धूर पांढरा आणि हाताला थंड लागेल असा. बाहेर फूल नसेल तेव्हा साखरेचा पाक सांडला की एका पेटीच्या माश्या दुसरीवर दरोडा घालतात, आणि त्या दिवशी अख्खी गल्ली चावे खाते. काळं लोकरी स्वेटर घालून पेटीपाशी जायचं नाही. आणि ताई, साडी नेसून तुम्हीही जाऊ नका, निऱ्यांत अडकलेली माशी चावल्याशिवाय राहत नाही.

पेट्या हलवायच्या त्या रात्री अंधार पडून सगळ्या माश्या आत गेल्यावर तोंडं जाळीने बंद करायची, झाकणं दोरीने आवळायची आणि पहाटेच्या आत शेतावर पोचायचं. बाहेर राहिलेल्या थोड्या माश्या दुसऱ्या दिवशी जुन्या जागी घिरट्या घालतील, एक-दोन दिवसांत संपतील. तेवढे दिवस जाऊबाईंना माहेरी जाऊन येऊ द्या.

ता. क. मोहरीचा मध आठ-पंधरा दिवसांत तुपासारखा गोठतो, पांढरा आणि रवाळ होतो. कुणी साखर घातली म्हणालं तर मनावर घेऊ नका, बरणी कोमट पाण्यात ठेवली की पातळ होईल. मात्र घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला सोन्याबरोबर उगाळूनसुद्धा मध चाटवायचा नाही. बॉट्युलिझम नावाच्या विषबाधेचे जंतू त्यातून जाऊ शकतात आणि तान्ह्या आतड्याला ते झेपत नाहीत.